एका खुर्चीवर दोन पाळ्या का नाहीत?

प्रति,
मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

विषय : शाळेच्या वेळेत बसणारे अर्धवेळ काम आणि आपल्या दैनिकातील छोट्या जाहिराती

आपल्या दैनिकातील ‘पाहिजेत’ या मथळ्याखालच्या छोट्या जाहिराती मी गेली चार वर्षे हातात पेन घेऊन वाचत आले आहे. ‘अर्धवेळ’, ‘महिलांना प्राधान्य’, ‘वेळेचे बंधन नाही’, ‘घरबसल्या उत्तम कमाई’ हे शब्द त्यांत बारमाही असतात. मात्र काम किती वाजता सुरू होते, किती वाजता सुटते आणि त्याचे महिन्याला किती रुपये मिळतात, या तिन्ही गोष्टी एकत्र छापलेली जाहिरात चार वर्षांत माझ्या पेनाखाली आठ-दहा वेळांहून अधिक आली नसेल. माझे म्हणणे याच तीन गोष्टींविषयी आहे आणि ते आपण वाचकांपुढे ठेवावे, अशी विनंती आहे.

मी बडोद्यात कारेलीबागेत राहते. महाराजा सयाजीराव (म. स.) विद्यापीठातून वाणिज्य शाखेची पदवी घेतल्यावर मी एका सीएंच्या कचेरीत चार वर्षे हिशेबाचे काम केले आणि मुलाच्या जन्मानंतर ते सोडले. तो मुलगा आता आठवीत आहे, मुलगी तिसरीत आहे. दोघेही एकाच शाळेत जातात, पण एकाच वेळी जात नाहीत, आणि आमच्या घरातल्या साऱ्या अडचणीचे मूळ तेथेच आहे.

महाराष्ट्रातील वाचकांना कदाचित कल्पना नसेल म्हणून सांगते की, आमच्या शहरात पुष्कळ शाळा दोन पाळ्यांत भरतात. मुलाची वर्धीची रिक्षा (शाळेच्या मुलांची ने-आण करणाऱ्या रिक्षेला आम्ही बडोदेकर मराठीतही वर्धीचीच रिक्षा म्हणतो) सकाळी सहा चाळीसला दारात भोंगा वाजवते आणि साडेबाराला त्याला परत आणून सोडते. मुलीची रिक्षा बारा वाजून पाच मिनिटांनी येते आणि ती पावणेसहाच्या सुमारास घरी पोहोचते. म्हणजे दोघेही शाळेत असतात असा वेळ जेमतेम पंचवीस मिनिटांचा, आणि तोसुद्धा दोघेही प्रत्यक्षात रिक्षेत असतात तेव्हाचा. मुलगा लहान होता तोवर त्याला घरी एकटे ठेवणे शक्य नव्हते, त्यामुळे माझ्यापुरता ‘शाळेच्या वेळेत काम’ हा शब्दप्रयोगच निरर्थक होता. आता तो तेरा वर्षांचा झाला आहे, दोन-तीन वर्षांपासून स्वतःचे ताट वाढून घेतो, दुपारी आजीला गोळी देतो, आणि म्हणून दुपारी एक ते पाच हे चार तास माझे आहेत.

चार तास म्हणजे फार कमी, असे कोणाला वाटेल. पण शिक्षण हक्क कायदा, २००९ याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी वर्षाला किमान २०० दिवस आणि ८०० तास अध्यापन सांगितले आहे. भागाकार केला तर दिवसाचे चारच तास येतात. सहावी ते आठवीसाठी २२० दिवस आणि १००० तास आहेत, म्हणजे साडेचार तासांच्या आसपास. सरकारने मुलासाठी जेवढा वेळ शाळेत धरला आहे, त्यात जाण्यायेण्याचा वेळ मिळवला की आईचा मोकळा वेळ निघतो. तो कोणी दयेने वाढवून देऊ शकत नाही. त्यातच गुजरातमधील शाळांना दिवाळीची २१ दिवसांची आणि उन्हाळ्याची ३५ दिवसांची सुटी असते, उत्तरायणाचे (संक्रांतीचे) दोन दिवस वेगळे, आणि २०२४ च्या ऑगस्टअखेरीस विश्वामित्री नदीचे पाणी वस्त्यांत शिरले तेव्हा शाळांना सुटी द्यावी लागली ती आणखी वेगळी. हे सारे आधी सांगून कोणी मुलाखतीला गेले, तर समोरचा माणूस चहा पाजतो आणि कळवतो म्हणून सांगतो.

दोन वर्षांपूर्वी मी हे सारे आधी सांगूनच एका कार्यालयात रुजू झाले. नाव लिहीत नाही, कारण दोष एका कार्यालयाचा नाही. अलकापुरीच्या बाजूला जागा होती, काम टॅली या हिशेबाच्या संगणक-प्रणालीत बिले चढवण्याचे आणि बँकेच्या खात्याशी ताळमेळ घालण्याचे होते, वेळ दुपारी एक ते पाच आणि पगार महिना सहा हजार ठरला. पूर्ण वेळ काम करणाऱ्या मुलीला बारा हजार मिळत, तेव्हा हिशेब सरळ होता. पहिले दोन आठवडे मी पाचला उठत असे. तिसऱ्या आठवड्यापासून साहेब साडेचारला बाहेरून येत आणि हातातला कागदांचा गठ्ठा माझ्या टेबलावर ठेवून ‘एवढे आज झाले पाहिजे’ असे म्हणत. तो गठ्ठा दुपारी एक वाजताही त्यांच्या गाडीत असे, हे मला पुढे कळले. साडेपाच झाले, मग सहा झाले, आणि पगार सहा हजारच राहिला.

त्या काळातली एक संध्याकाळ मला विसरता येत नाही. मुलगा शिकवणीला गेला होता आणि सासूबाईंना गुडघेदुखीमुळे जिना उतरता येत नव्हता. मी सव्वासहाला पोहोचले तेव्हा वर्धीचे रिक्षाकाका इंजिन बंद करून फाटकापाशी उभे होते. मोठ्या माणसाच्या हाती दिल्याशिवाय मूल सोडायचे नाही हा त्यांचा नियम, आणि तो चांगलाच नियम आहे. आमची लेक पायरीवर दप्तराला टेकून बसली होती, आणि रिक्षेत मागे आणखी तीन मुले घामेजून, एकमेकांना कोपराने ढोसत बसली होती, कारण माझ्यामुळे त्यांनाही घरी पोहोचायला उशीर झाला होता. रिक्षाकाका काही बोलले नाहीत, पण त्या तिघांपैकी एकीच्या आईचा रात्री फोन आला आणि त्यांनी जे बोलायचे ते बोलून घेतले. मी महिनाअखेरीची वाट न पाहता काम सोडले. त्या महिन्यातले दहा दिवसांचे पैसे मागितले, तेव्हा ‘नोटीस न देता गेलात’ असे उत्तर मिळाले. या बाबतीत मीही पूर्ण बरोबर नव्हते, हे मान्य करते. अर्धवेळ काम करणाऱ्या आम्ही बायका पुष्कळदा कामाला काम न समजता तात्पुरती सोय समजतो, परीक्षा आली की न सांगता आठवडाभर गायब होतो, आणि मग मालकही आम्हांला सोयीनेच वागवतात.

यावर एक उपाय मला माझ्या मुलांच्या शाळेनेच सुचवला. सकाळी ज्या वर्गात मुलगा बसतो त्याच वर्गात दुपारी मुलगी बसते. गेल्या वर्षी त्याचा कोनमापक हरवला होता, घरभर शोधला, बोलणी खाऊन झाली, आणि चार दिवसांनी आमच्या तिसरीतल्या बाईसाहेबांनी तो बाकाच्या खालच्या कप्प्यातून काढून आणला. बाक तोच, फळा तोच, पंखे तेच. सव्वाबाराला एक घंटा वाजते, फाटकापाशी दहा मिनिटे रिक्षांची झुंबड उडते आणि दुसरी शाळा सुरू होते. जागा कमी आणि मुले जास्त असल्यामुळे शाळांनी हा मार्ग काढला. हाच मार्ग कार्यालयातील एका खुर्चीला का चालू नये, असा माझा प्रश्न आहे. सकाळी आठ ते बारा एक बाई बसेल, दुपारी एक ते पाच दुसरी बसेल, संगणक एक, पगार विभागून, आणि टेबलावर एक वही, जिच्यात पहिलीने काय झाले व काय राहिले ते दुसरीसाठी लिहून ठेवायचे.

आमच्या शहरात तर अशा जोड्या शाळांनी आधीच लावून ठेवल्या आहेत. आमच्या समोरच राहणाऱ्या वहिनींची दोन्ही मुले सकाळच्या पाळीत आहेत; त्यांना सकाळचे चार तास मोकळे मिळतात, मला दुपारचे. त्याही वाणिज्य पदवीधर आहेत. आम्ही दोघी मिळून एक पूर्ण माणूस होतो, पण अशी जागा असलेली जाहिरात नाही, आणि म्हणून दोघीही घरी आहोत.

मी ही कल्पना मकरपुरा जीआयडीसी या औद्योगिक वसाहतीत कारखाना चालवणाऱ्या एका नातेवाइकांना सांगितली. ते म्हणाले, ‘चूक झाली तर जबाबदार कोण, सकाळची की दुपारची?’ प्रश्न गैर नाही. पण त्यांच्याच कारखान्यात एका लेथवर तीन पाळ्यांत तीन कारागीर उभे राहतात, माप चुकले तर कोणत्या पाळीत चुकले ते लॉगबुक पाहून दोन मिनिटांत कळते. रुग्णालयातील परिचारिका रोज तीन वेळा एकमेकींच्या हाती रुग्ण सोपवून जातात. लोखंडाला आणि आजारी माणसाला जे चालते ते खरेदी-विक्रीच्या बिलांना चालणार नाही, असे मला वाटत नाही. त्यांचा दुसरा आक्षेप खर्चाचा होता. भविष्यनिर्वाह निधीचा हप्ता पगाराच्या टक्केवारीने जातो, त्यामुळे दोन अर्ध्या पगारांवरचा हप्ता एका पूर्ण पगाराएवढाच होतो. मात्र दोघींना काम शिकवण्याचा वेळ दुप्पट लागेल हे त्यांचे म्हणणे खरे आहे आणि त्यावर माझ्याजवळ उत्तर नाही, एवढेच म्हणेन की एक आजारी पडली तर निम्मे काम तरी चालू राहते, आज मात्र एकच मुलगी रजेवर गेली की त्यांचा हिशेबाचा विभाग कुलूपबंद असतो. दिवाळी आणि उन्हाळ्याच्या सुट्यांतही दोघी आपापसांत आठवडे वाटून घेऊ शकतात.

खुर्चीच्या या कामाखेरीज दुसरे एक काम आहे, ज्याला तास नसतात, तारीख असते, आणि माझ्या अनुभवाने आईला तेच अधिक झेपते. पोस्टातील आवर्ती ठेवीचे, म्हणजे लोकांच्या भाषेत ‘आरडी’चे, पैसे घरोघरी जाऊन गोळा करणाऱ्या महिला प्रतिनिधी आपण सर्वांनी पाहिल्या आहेत. ‘महिला प्रधान क्षेत्रीय बचत योजने’खाली त्यांना परवाना मिळतो आणि जमा रकमेवर ४ टक्के कमिशन असते. खाते महिन्याच्या पहिल्या पंधरवड्यात उघडलेले असेल तर हप्ता १५ तारखेपर्यंत भरायचा, त्यानंतरचे असेल तर महिनाअखेरपर्यंत. त्या तारखा सांभाळल्या की पैसे सकाळी गोळा केले की दुपारी, हे विचारायला कोणी येत नाही. बडोद्याच्या वाडी भागात माझ्या एका मावशींनी याच कामावर दोन मुली पदवीधर केल्या. माझेही सध्या असेच चालले आहे : तीन दुकानांचे जीएसटीचे काम मी घरी आणते. विक्रीचे विवरण ११ तारखेला आणि कर भरण्याचे २० तारखेला जावे लागते. त्या दोन तारखांच्या आधीचे तीन-चार दिवस मी रात्रीही बसते आणि एरवी दुपारी, मुलगी शाळेत असताना, संथपणे काम करते. तीन दुकानांचे मिळून साडेचार हजार मिळतात. कचेरीपेक्षा दीड हजार कमी, पण संध्याकाळी फाटकापाशी मी उभी असते.

मात्र घरच्या सगळ्याच कामांना इतके चांगले म्हणता येणार नाही. नवरात्राच्या आधी दोन-अडीच महिने आमच्या शहरात चनियाचोळीवर आभले आणि लेस लावण्याचे काम घराघरांत वाटले जाते. नगावर पैसे ठरतात आणि भाव मध्यस्थ सांगेल तो. दिवे लावल्यावरच खरे काम सुरू होते, डोळे चुरचुरतात, आणि तासांचा हिशेब कोणी केला तर करणाऱ्यालाच लाज वाटेल. १९७२ साली शेजारच्या अहमदाबादेत इलाबेन भट्ट यांनी ‘सेवा’ ही संघटना उभी केली ती अशाच स्त्रियांची दखल घेतली जावी म्हणून. घरी बसून काम करणाऱ्यांविषयीचा आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेचा करार १९९६ मध्ये झाला, त्याला भारताने अजून मान्यता दिलेली नाही. याउलट लिज्जत पापडाची पद्धत पाहावी. १९५९ मध्ये गिरगावातील सात जणींनी ८० रुपये उसने घेऊन सुरू केलेल्या त्या कामात पीठ सकाळी शाखेतून घरी न्यायचे, दिवसभरात आपल्या सवडीने पापड लाटायचे, दुसऱ्या सकाळी वजन करून द्यायचे आणि लाटणावळ घ्यायची. ती सवड खरी आहे, कारण भाव सर्वांना सारखा व आधी माहीत असतो आणि मधे कोणी दलाल नसतो. आमच्या बडोद्यात तर महाराणी चिमणाबाईंनी १९१४ मध्येच स्त्रियांसाठी उद्योगालय काढले होते. मुलगेच नव्हे तर मुलीही शाळेत गेल्या पाहिजेत, अशी सक्ती सयाजीराव महाराजांनी १९०६ मध्ये संस्थानभर केली, आणि आठ वर्षांत महाराणींनी त्या मुलींच्या आयांच्या हाताला काम शोधले, असे मी आपले समजते. इतिहासाचे अभ्यासक कदाचित माझा कान धरतील.

‘घरबसल्या डेटा एंट्री’च्या जाहिरातींविषयी फार लिहीत नाही. माझ्या ओळखीच्या एकीने नोंदणीचे दोन हजार रुपये भरले, पंधरा दिवस पाने टंकली, शेवटी काम देणाऱ्यांनी ‘अचूकता कमी भरली’ असे सांगून पैसे नाकारले, वर करारभंगाची नोटीस पाठवून आणखी पैसे मागितले. बिचारीने घाबरून नवऱ्याला महिनाभर सांगितले नाही. काम देणारा पैसे देतो, घेत नाही, एवढे ज्यांना पटेल त्यांनी अशी जाहिरात दिसताच पान उलटावे आणि फसल्यास सायबर फसवणुकीसाठीच्या १९३० या मदत क्रमांकावर लगेच फोन करावा.

कायद्यात अर्धवेळ कामासाठी जागा नाही, असे मालक मंडळी सांगतात, ते खरे नाही. किमान वेतनाचा दर तासावर, दिवसावर किंवा महिन्यावर ठरवता येतो, ही तरतूद १९४८ च्या जुन्या कायद्यातही होती आणि २०१९ च्या वेतन संहितेतही आहे. म्हणजे चार तासांना चार तासांचे पैसे मोजण्यात आणि पाचव्या तासाला पाचव्याचे देण्यात कायद्याची काहीच आडकाठी नाही. ५० किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेत पाळणाघर असावे, असे मातृत्व लाभ कायद्याच्या २०१७ च्या दुरुस्तीने सांगितले. पण बडोद्यात माझ्यासारखीला काम देणारी दुकाने-कचेऱ्या दहा-पंधरा माणसांच्या असतात, आणि पाळणाघराला तिसरीतली मुलगी चालतही नाही.

‘हे सारे आईनेच का जुळवायचे?’ असा प्रश्न माझ्या मुलाने विचारला, तो योग्यच आहे. केंद्र सरकारच्या २०२४ च्या वेळवापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्याला दिवसाला २८९ मिनिटे देतात आणि घरकाम करणारे पुरुष ८८, असे आढळले. आमचे हे जरा बरे आहेत, रविवारी भांडी घासतात. पण रिक्षा वाट पाहत उभी राहिली तेव्हा फोन मलाच आला, त्यांना नाही.

आता आपल्याकडे मागणे. ‘पाहिजेत’ सदरात अर्धवेळ कामाची जाहिरात घेताना वेळ आणि पगार छापणे आपण सक्तीचे करावे. ‘दुपारी १ ते ५, महिना ६०००’ एवढे पाच-सहा शब्द वाढतील, त्याचे दोन पैसे जाहिरातदाराला जास्त पडतील, पण वीस बायकांचे वीस फोन आणि वीस फुकटच्या मुलाखती वाचतील. काम तारखेचे असेल तर तारीख लिहावी. नोंदणीचे पैसे मागणारी जाहिरात घेऊच नये. सदरात ‘सकाळची पाळी’ आणि ‘दुपारची पाळी’ असे दोन उपमथळे केले तर बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर येथील आपल्या वाचकांना ते सर्वांत उपयोगी पडेल. शाळांच्या पाळ्या आणि वर्धीच्या वेळा जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ठरतात, म्हणून मेअखेरीस हे सुरू झाले तर उत्तम. तसे झाल्यास पहिली जाहिरात आम्हां दोघींची घ्यावी. मजकूर सोबत देते, दर कळवावा :

‘काम पाहिजे. हिशेब, टॅली, जीएसटी. दोन वाणिज्य पदवीधर महिला, एकाच खुर्चीसाठी. पहिली सकाळी ८ ते १२, दुसरी दुपारी १ ते ५. पगार प्रत्येकी ६५००. पाचनंतर थांबणार नाही.’

आपली नम्र,
एक वाचक,
कारेलीबाग, बडोदे